प्लगवरचा लाल ठिपका

प्रिय दादा,

बाबांसाठी नवी गाडी घेतोयस, हे कळलं. बुकिंग पक्कं केलं नसशील तर जरा दम धर आणि आधी हे पत्र वाच. फोनवर सांगता आलं असतं, पण आपल्या घरात फोनवर बोललेलं भिंतीआड राहत नाही आणि हे प्रकरण भिंतीआडच राहायला हवं.

जुन्या गाडीचा एसी उन्हाळाभर बंद पडतोय, हे बाबांनी तुला तिखटमीठ लावून सांगितलंच असेल. मी दुरुस्त करते, आठवडाभर चालतो, पुन्हा बंद. मी गाड्यांचं वायरिंग करून पोट भरते आणि माझ्याच बापाच्या गाडीत घामाच्या धारा, म्हणून गॅरेजात रोज माझी थट्टा होते. पहिल्या वेळी मी रीतसर गेले. फ्यूज शाबूत. हॉर्नचा रिले काढून एसीला लावून पाहिला, काही फरक नाही. कॉम्प्रेसरपर्यंत वीजच पोचत नव्हती. टेस्ट लॅम्प घेऊन वायरीच्या मागे मागे गेले, तर गॅसच्या दाबावर लक्ष ठेवणाऱ्या स्विचचा प्लग सैल. वरून बसल्यासारखा दिसणारा, आतून सुटलेला. दाबून बसवला, एसी सुरू. खड्ड्यांनी निघाला असेल म्हणून सोडून दिलं. पण पुढच्या वेळीही तोच प्लग? त्याला खटका असतो, दादा. अंगठ्याने दाबल्याशिवाय तो सुटत नाही, आणि खड्ड्यांना अंगठा नसतो.

संशय घ्यायला मला निमित्त लागत नाही, हे तू जाणतोसच. सगळ्यात आधी मी तुझ्यावरच घेतला. रागावू नकोस. मागच्या खेपेला तू बॉनेट उघडून बराच वेळ आत डोकं घालून उभा होतास, आणि तुला तर बॅटरी कुठली नि रेडिएटर कुठला तेही कळत नाही. शिवाय नवी गाडी घ्यायची घाई तुलाच. पण तू परत गेल्यावरही प्लग निघतच राहिला, म्हणून सुटलास. मग पाळी आली कोपऱ्यावरच्या एसी-गॅसवाल्याची. बाबा माझ्या नकळत एकदा त्याच्याकडे जाऊन आले होते, आणि हल्ली तो मला बघून उगाच गोड हसतो. त्याच्यावर मी चांगलाच डूख धरला. शेवटी प्लगच्या सांध्यावर लाल नेलपॉलिशचा ठिपका दिला. कुणी प्लग हलवला की ठिपका तडकणार आणि चोरी उघडी पडणार, असा माझा बेत.

एसी पुन्हा बंद पडला. बॉनेट उघडलं, तर ठिपका अखंड आणि प्लग सैल! नीट वाकून पाहिलं तेव्हा कळलं, हा ठिपका माझा नव्हताच. माझं काम फटकाऱ्याचं. हा गोल, नेटका, कडेला जराही न ओघळलेला. रंग मात्र तोच, आणि ती बाटली असते माझ्या कपाटात. म्हणजे चोर घरातला. बाबांना नेलपॉलिश आणि डिंक यांतला फरक कळत नाही. उरली आई. तेव्हा मला आठवलं, उन्हाळ्याच्या तोंडावर भाजी निवडता निवडता तिने सहज विचारलं होतं, की गाडीला इजा न होता नुसता गारवा बंद पडेल असं काही असतं का गं. आईला माझ्या कामात रस वाटतोय म्हणून मी हरखून गेले आणि गाडीपाशी नेऊन बोट लावून दाखवलं!

पण का, ते आधी स्वतःच्या डोळ्यांनी बघायचं ठरवलं. रविवारी हट्टाने त्यांच्याबरोबर निघाले आणि मागच्या सीटवर बसले. सगळ्या काचा खाली. बाबा नेहमीसारखे ताठ बसून चालवत होते. मागून ट्रकने हॉर्न दिला, पुन्हा दिला, बाबा ढिम्म. आईने न बोलता त्यांच्या दंडावर दोन बोटं टेकवली आणि गाडी कडेला सरली. वाटभर तेच चाललं होतं. दादा, ज्यांनी जन्मभर ड्रायव्हिंग स्कूल चालवलं, आपल्याला काचा उघडायला लावून ‘डोळे पुढे, कान मागे’ म्हणत शिकवलं, त्यांना मागचं काही ऐकू येत नाही. घरी आल्यावर मी आईला ओट्यापाशी गाठलं. आधी उडवून लावलं तिने, मग रडली. काचा बंद, एसी चालू, मागे ॲम्ब्युलन्स किंचाळतेय आणि हे रस्त्याच्या मधोमध निवांत, असं एकदा झालं होतं म्हणे. किल्ली मागितली तर माणूस खचेल. काचा उघड्या असल्या की त्यांना थोडं कळतं, उरलेलं ती सांगते, आणि उन्हामुळे ते लांबही जात नाहीत. मला इतका राग आला होता तिचा, आणि तिथेच तिला मिठी मारली.

पण हे पत्र गाडीपायी लिहिलेलं नाही. तू लांबची नोकरी धरलीस तेव्हापासून बाबा फोनवर ‘बरं, बरं’ एवढंच म्हणतात आणि फोन आईच्या हातात देतात. त्यांचा राग गेलेला नाही असं तुला वाटतं, आणि ही गाडी त्यासाठीच आहे, हे न कळण्याइतकी मी बावळट नाही. मलाही तो रागच वाटायचा. काल आईला विचारलं. तू फोन ठेवलास की ते दर वेळी तिच्यासमोर खुर्ची ओढून बसतात आणि विचारतात, काय म्हणाला गं तो? मग आई तुझं बोलणं शब्दन्‌शब्द परत सांगते, त्यांना ओठ दिसतील असं, सावकाश. गाडी रद्द कर, दादा. तू स्वतः ये, त्यांच्या समोर बसून बोल, आणि कानांच्या डॉक्टरकडे तूच घेऊन जा. तोवर प्लग मी सैलच ठेवलाय.

वाट पाहणारी, तुझीच
ठिणगी