हवालदाराची वेताची टोपली

प्रिय बाबा,

आज सकाळी शिरगावहून सुभाषला घेऊन त्याची आई आली होती. तुम्ही सुभाषला ओळखत नाही. तुम्ही गेलात तेव्हा तो नुकताच भरती झाला होता. गेल्या वर्षी सुरुंग फुटला आणि तुमच्यासारखेच त्याचे दोन्ही डोळे गेले. त्याच्या आईच्या हातात एक फॉर्म होता. बाबा, तो फॉर्म मी दहा पावलांवरून ओळखला. आंधळ्या माणसाला वाट दाखवणारा, शिकवून तयार केलेला कुत्रा मिळावा म्हणून करायचा अर्ज. तीच मुंबईची संस्था, तेच प्रश्न.

"ताई, वडिलांसाठी तुम्हीच भरला होता ना? तुम्हाला सगळं ठाऊक असेल," ती म्हणाली. हो, मला सगळं ठाऊक आहे. तुम्हाला मात्र ते ठाऊक नाही, आणि म्हणून मी हे लिहायला बसले आहे. तुमची सगळी पत्रं मीच तर वाचून दाखवायची. मग हे कोण वाचून दाखवणार तुम्हाला?

आठवतं, मला उल्हासनगरला, कॅम्प म्हणतात त्या वस्तीत टायपिस्टची नोकरी लागली तेव्हा तुम्ही किती हसला होतात? "कॅम्पात ड्युटी लागली म्हणजे तूही फौजीच झालीस," असं सगळ्या बेलवलीला सांगत सुटला होता. पण मी कामावर जायला लागले आणि तुमचं बाहेर जाणं थांबलं. आई आधीच गेलेली. तुमचा डावा हात ठेवायला माझा खांदा आता फक्त रविवारी घरी असायचा. बाकी सहा दिवस तुम्ही पडवीत बसून फर्निचरवाल्या सिंधी शेठच्या खुर्च्या वेताने विणायचात. आठवड्यातून एकदा टेम्पो यायचा, खुर्च्या न्यायचा, नव्या टाकून जायचा. दिवसभरात तुमच्याशी बोलणारा तेवढाच एक माणूस.

अशात तुमच्या पलटणीतल्या मित्राचं कोल्हापूरहून पत्र आलं. असे कुत्रे मिळतात, माजी सैनिकांनाही देतात, अर्ज करून बघ. मी वाचून दाखवलं, तर तुम्ही तीनदा वाचायला लावलंत! दुसऱ्या दिवशी जेवणाच्या सुट्टीत मी ऑफिसातल्या मशीनवर अर्ज टाइप केला. डिस्चार्ज बुकाची नक्कल जोडली, मेडिकल बोर्डाचा अपंगत्वाचा दाखला जोडला. रोज चालण्याइतकी तब्येत ठीक आहे अशी डॉक्टरांची चिठ्ठी, कुत्रा ठेवायला घरात जागा आहे आणि घरच्यांची हरकत नाही असं माझ्या सहीचं पत्र. निवड झाली तर महिनाभर तिथे राहून कुत्र्याबरोबर शिकावं लागेल, तेही तुम्ही लगेच कबूल केलंत.

मग संस्थेने पाठवलेला फॉर्म घरी भरताना एकाच प्रश्नाशी गाडी अडली. 'एकट्याने बाहेर जाताना कोणत्या अडचणी येतात?' तुम्ही बोटांत वेत फिरवत म्हणालात, "लिही, अडचण काही नाही. थोडी गैरसोय आहे."

मी तसंच लिहिलं. का लिहिलं मी तसं? भाजीवाल्याच्या हातगाडीला थडकून तुमची नडगी फुटली होती, उघड्या गटारात दोनदा पाय गेला होता. हे मला दिसत होतं ना? पण तुमच्यासमोर बसून तुमच्याचबद्दल ते कागदावर उतरवायचं मला जमलं नाही.

तरीही संस्थेचं पत्र आलं. एक साहेब घरी येऊन तुमचं चालणं-फिरणं बघणार होते. आणि मग बाबा, आपण दोघांनी जे केलं ते फौजी माणसाच्याच घरात होऊ शकतं. साहेब तपासणीला येणार म्हटल्यावर तुमच्या अंगात जणू पुन्हा वर्दी चढली. पडवीला चुना लागला. बुटांना पॉलिश झालं. घरापासून मारुतीच्या देवळापर्यंत एकशे चाळीस पावलं, तिथून डावीकडे चहाच्या टपरीपर्यंत साठ, अशी आठवडाभर आपण रोज सकाळी तालीम केली. मी मागून चालायची आणि तुम्ही मोजायचात.

मी त्याच्याही पुढे गेले. गल्लीतले खड्डे विटांच्या तुकड्यांनी भरले. गटारावर फरशा टाकून घेतल्या. समोरच्या म्हात्रेकाकूंना शेळ्या बांधून ठेवायला सांगितलं, तर त्या रोज विचारायच्या, "कवा येनार गो तुमचा सायेब?" त्या दिवशी गल्लीत एक सायकलसुद्धा आडवी नव्हती.

साहेब आले. तुम्ही काठी घरात ठेवलीत आणि छाती काढून टपरीपर्यंत गेलात, तसेच परत आलात. एकदाही अडखळला नाहीत. स्वतः चहा करून कप त्यांच्या हातात दिलात, थेंबही सांडला नाही. मी दारात उभी होते आणि मला इतका अभिमान वाटला, काय सांगू! साहेबांनी तुम्हाला सलाम केला. आपण दोघंही वेड्यासारखे खूश झालो.

महिन्याभराने पत्र आलं. तुम्ही पडवीत बसला होता, मी पाकीट फोडलं. त्यात लिहिलं होतं की अर्जदार परिचित परिसरात एकटे उत्तम वावरतात, त्यांना कुत्र्याची तितकी निकड दिसत नाही, आणि अधिक गरजू लोक वाट पाहत आहेत. तुमचा चेहरा माझ्याकडे वळलेला होता. आणि मी वाचलं, "आपलं नाव यादीत घेतलं आहे. नंबर लागला की कळवू."

बाबा, मी खोटं वाचलं.

तेवढा एक दिवस निभावून न्यायचा, उद्या खरं सांगायचं, असं मी ठरवलं होतं. पण दुसऱ्या दिवशी तुम्ही वेत भिजत घातला होता. कुत्र्यासाठी टोपली विणायची होती. त्याचं नावसुद्धा ठरलं होतं, हवालदार. "मी नाईक म्हणून रिटायर झालो. वाट तो दाखवणार, म्हणजे हुकूम त्याचा. मग तो माझ्या वरचाच पाहिजे ना?" असं म्हणून हसत होता. आता तुम्हीच सांगा, कुठल्या तोंडाने सांगणार होते मी?

टोपली झाली. तिला कड लागली, मग बसायला गादी झाली. तुम्ही ती पडवीच्या कोपऱ्यात ठेवलीत आणि कुणाला त्यात काही ठेवू देत नव्हता. एकदा मी घाईत त्यात कांदे ओतले तर केवढे रागावलात माझ्यावर. दर दोन-तीन महिन्यांनी विचारायचात, "किती राहिले पुढे?" आणि मी काहीतरी आकडा सांगायची. मोठ्या आकड्यावरून लहान आकड्यावर उतरत यायची, म्हणजे तुम्हाला बरं वाटावं. चार वर्षं मी हे केलं.

तुम्हीही काही कमी हट्टी नव्हता. साहेबांसमोर चालून दाखवलं तेव्हापासून तुम्ही एकटेच टपरीवर जायला लागलात. काठीही घ्यायचा नाहीत. मी रागावले तर म्हणायचात, दोनशे पावलांची तर गोष्ट आहे. मला राग येतो बाबा, अजूनही येतो. काठी घेतली असती तर काय बिघडलं असतं?

पाण्याच्या पाइपासाठी गल्ली खणली त्या दिवशी मी कामावर होते. देवळाच्या अलीकडे, तुमच्या एकशे विसाव्या पावलाच्या आसपास, कमरेइतका चर होता. तुमचा हिशोब बरोबर होता. रस्ता तेवढा बदलला होता. हवालदार असता तर काठावर आडवा उभा राहिला असता, नाही का?

खुब्याचं हाड मोडलं, आणि दोन महिने अंथरुणावर काढल्यावर छातीत कफ धरला. शेवटच्या आठवड्यात तुम्ही मला जवळ बोलावलंत. वाटलं, काही मागाल. तुम्ही म्हणालात, "मंदा, नंबर लागला तर माझा दुसऱ्या कुणाला देऊन टाक. अडवून ठेवू नको." मी हो म्हटलं. तेव्हाही खरं सांगितलं नाही.

आज सुभाषचा फॉर्म भरायला घेतला आणि ते जुनं पत्र ट्रंकेतून काढलं. सात वर्षांत पहिल्यांदा पूर्ण वाचलं. त्या दिवशी मी शेवटपर्यंत वाचलंच नव्हतं बाबा, मधेच घडी घातली होती. शेवटची ओळ आहे, 'परिस्थितीत फरक वाटल्यास कृपया पुन्हा अर्ज करावा.' पुन्हा अर्ज करता आला असता. त्या चार वर्षांत कधीही! मी खरं वाचलं असतं तर तुम्ही चिडला असता, दोन दिवस जेवला नसता, आणि तिसऱ्या दिवशी म्हणाला असता, मशीनवर कागद चढव.

सुभाषच्या आईने साहेब येणार म्हणून आत्तापासून चुना भिजत घातला आहे. अंगणातला बंब, लाकडं, सगळं हलवणार म्हणत होती. मी तिला सांगितलं, काकू, कशाला हात लावू नका. अडचणींच्या रकान्यात सुभाष म्हणाला, "लिहा, विशेष काही नाही." मी पेन खाली ठेवलं. म्हटलं, कुठे कुठे पडलास ते सगळं सांग, त्याशिवाय मी लिहिणार नाही. तो एकेक करून सांगायला लागला. रकाना भरून कागद मागच्या बाजूलाही भरला.

टोपली झटकून उन्हात ठेवली आहे. कड अजून घट्ट आहे. तुमचा नंबर दुसऱ्या कुणाला देऊन टाक म्हणाला होतात. तुमचा नंबर कधी नव्हताच बाबा, तेव्हा टोपली देते.

साहेब येतील त्या दिवशी मी शिरगावला जाईन. गल्ली असेल तशी असू देईन. सुभाष अडखळला तरी धावणार नाही. आणि जे पत्र येईल ते त्याच्यासमोर उघडून, जसं असेल तसं, शेवटच्या ओळीपर्यंत वाचीन. हे वचन आहे तुम्हाला.

तुमची, अजूनही उजवा खांदा रिकामा ठेवून चालणारी,
मंदा