बाबांच्या मापाचा पासवर्ड

आई,

तू बाबांना दवाखान्यात घेऊन गेलीस आणि माझी बस साडेदहाची, म्हणून न भेटताच निघतोय. रागावू नकोस.

कॅमेऱ्यांचं चित्र आता घराबाहेरूनही मोबाईलवर दिसतं. कोपऱ्यापर्यंत चालत गेलो, वायफाय बंद केलं आणि मोबाईलच्या नेटवर पाहिलं. फाटक, जिना, मागचं दार, तिन्ही स्वच्छ. आता बाबा पुन्हा न सांगता बाहेर पडले, तर तुला खाली शिलाईच्या दुकानात आणि मला ऑफिसात एकदमच कळेल.

दोन दिवस मी, घरचा नेटवर्कवाला, डोकेफोड करत होतो. तू मशीनवरून उठलीस, वायर बोटांनी चाचपत गेलीस आणि म्हणालीस, "एका कोटाला दोन अस्तरं कशाला?" खरंच, इंटरनेट कंपनीचा राउटर आणि त्याच्यामागे मी लावलेला, दोघं एकच काम करत एकमेकांना अडवत होते. कंपनीच्याला आता नुसतं इंटरनेट पुढे द्यायला लावलंय. ऑफिसात मात्र हे मीच शोधलं म्हणून सांगणार आहे.

निळा दोरा बांधलेली वायर उपटू नकोस. इस्त्री दुसरीकडे लाव.

कॅमेऱ्यांचा पासवर्ड म्हणून तू बाबांच्या शर्टाचं माप ठेवलंस, तेव्हा मी कुरकुरलो होतो की हे कुणीही ओळखेल. मघाशी तुझी मापांची वही चाळली. बाबांच्या नावापुढे छाती बेचाळीस होती, ती खोडून तू सदतीस लिहिली आहेस. पासवर्डमध्ये अजून बेचाळीसच आहे.

चोराने टेप घेऊन बाबांचं माप काढलं तरी त्याला जमणार नाही. तो पासवर्ड बदलू नकोस.