तुझ्या नंबरावरचा कॅमेरा

प्रिय अनुराग,

तुझ्या बहिणीचा, रुचिताचा फोन आला होता. शनिवारी ती महाराष्ट्र सदनात उतरतेय. दादाचा कॅमेरा तिच्याकडे द्यायचाय. "बिल्कुल, घेऊन येते," म्हटलं मी. तू पुण्याला गेलास, लग्न केलंस, आणि तुझा तो जड फुल-फ्रेम डीएसएलआर माझ्याकडे नोएडातच राहिला. तो न्यायला कधीतरी तू स्वतः येशील, असं वाटायचं.

आज सकाळी तो घेऊन ओखल्याला गेले, यमुनेकाठच्या आपल्या पक्ष्यांकडे. इतकी वर्षं मी त्यातून सगळं धूसरच बघत आलेय. तू चष्मा काढून फोटो काढायचास, म्हणून व्ह्यूफाइंडरजवळचं ते छोटं चाक तू तुझ्या नंबरावर ठेवलं होतंस. फोटो स्पष्टच यायचे, पण मी चाकाला कधी हात लावला नाही. तुझ्या डोळ्यांनी बघतेय असं वाटायचं.

माझी धडपड बघून शेजारचे सरदारजी म्हणाले, "बेटा, इसे घुमाओ, अपनी आँख के हिसाब से."

"पता है, अंकल," मी म्हटलं, आणि फिरवलं.

पाण्यावरचं बदक पिसापिसांनिशी दिसलं. किती सुंदर होतं रे सगळं!

चाक मी परत फिरवलं नाही, आणि हे पत्रही बॅगेत ठेवणार नाही. पुण्यात कॅमेरा डोळ्याला लावशील, तेव्हा तुला धूसर दिसेल. प्रवासात फिरलं असेल म्हणशील, आणि नीट करून घेशील. त्याआधीचा एक क्षण मात्र तू माझ्या डोळ्यांनी बघत असशील.

अजूनही नोएडातच असलेली,
रेवती