कामणचा पत्ता

हो बाई, जेवले. भात आणि सुक्या बोंबलाची चटणी. माणूस दारात आलं की तुम्ही आधी तेच विचारायच्या, म्हणून आधी तेच सांगून टाकते. तुम्हाला जाऊन इतकी वर्षं झाली, तरी त्याचं उत्तर दिल्याशिवाय पुढचं तोंड उघडत नाही.

आज हॉस्पिटलात तुमचा फोटो लावला. फोटोत तुम्ही गोऱ्या दिसता, तेवढी थाप सोडली तर बरा आहे. समाजसेवा विभागात आता सहा मुली आहेत, एसी आहे. तुम्ही आलात तेव्हा जिन्याखालची चादरी ठेवायची खोली दिली होती, आणि मोठे डॉक्टर विचारायचे, ह्या बाईंचं इथं काम तरी काय? तुम्ही डिस्चार्जच्या कागदावर एक ओळ वाढवायला सांगितलीत, 'घरी भात कोण शिजवणार?' ते लिहिल्याशिवाय पेशंट सोडायचा नाही. डॉक्टर हसले. तीनदा कागद परत आला, चौथ्यांदा छापून आला. पुढे तेच डॉक्टर तुम्हाला खुर्ची सरकवायचे. ती ओळ अजून आहे, आता कॉम्प्युटरवर.

तुमच्या विभागातली पहिली आया म्हणून मला बोलायला उभं केलं. मी आपली तीच गोष्ट सांगितली, तुम्ही दर वर्षी नव्या मुलींना सांगायच्या ती. माझी सासू खुब्याचं हाड मोडून वॉर्डात पडलेली, दहा दिवस घरचं कोणी फिरकलं नाही, कागदावर पत्ता कामणचा, डोंगराकडचा. तिला गाव विचारलं की तोंड फिरवायची. तुम्ही दोनदा एसटीनं कामणला जाऊन दारोदार विचारलंत. मग एकदा तिनंच तुम्हाला विचारलं, "आज भरतीचं पानी कवा येल गो?" कामणच्या म्हातारीला भरतीशी काय करायचंय, असं म्हणत तुम्ही दुसऱ्या सकाळी किनाऱ्यानं विचारत विचारत अर्नाळ्याच्या कोळीवाड्यात, थेट माझ्या चुलीपाशी.

तुम्ही पाटावर बसलाय. मी घाबरून बोंबील करपवतेय. आमचे हे नुकतेच होडीवरून आलेले, दारात उभे, अंगावर खारं पाणी वाळलेलं. तुम्ही यांना म्हणता, "सख्ख्या आईचा खोटा पत्ता देताना जीभ अडखळली नाही?" हे क्षणभर माझ्याकडे बघतात आणि मान खाली घालतात. मी रडायला लागते. तुम्ही माझ्या पाठीवरून हात फिरवता.

सासू घरी आली. चार पावसाळे माझ्या हातचं खाऊन मलाच नावं ठेवत जगली. आणि मला तुम्ही कामाला घेतलंत. म्हणालात, "त्या घरात एक तरी माणूस सरळ आहे." ते ऐकल्यापासून मी कामाला निघाले की हे दारातून हाक मारायचे, "जा सरळबाई, उशीर होतोय." आणि गालात हसायचे. कधी कुणाला काही बोलले नाहीत. गेले तेव्हाही तुमच्या लेखी ते खोटारडेच.

आज टाळ्या पडल्या. नव्या मुलींनी यांच्या नावानं च्‌च्‌ केलं, आणि मी तिथं गप्प बसले. हा कागद कुठे पाठवायचा नाहीच, तांदळाच्या डब्याखाली राहील.

बाई, हे तेव्हा दहा दिवस समुद्रावर होते. आई हॉस्पिटलात आहे, हे त्यांना तुमच्याच तोंडून कळलं. तिला तिथं मी सोडली. कामणचा पत्ता मी दिला.