मागची खोली आणि नववा नमुना

मी, खाली अंगठा न लावता सही करणारी, वय वर्षे चौऱ्याहत्तर, पूर्वी कंपनीत नोकरी, हल्ली घरादारावर नजर ठेवणे, हे मृत्युपत्र राजीखुशीने लिहून ठेवते की, माझं डोकं ठिकाणावर आहे, रक्तदाब गोळीवर आहे आणि माझ्यावर कोणाचाही दबाव नाही. दबाव आणणार कोण? या घरात ते खातं पहिल्यापासून माझ्याकडेच आहे. वकीलसाहेबांनी नमुन्याचा मसुदा दिला होता. त्यातलं 'सदर' आणि 'येणेप्रमाणे' मी ठेवलं, भारदस्त वाटतं. बाकीचं माझं. माझी शाळा चौथीत सुटली, तेव्हा ऱ्हस्वदीर्घ वकीलसाहेबांनी बघावं, मजकुराला हात लावू नये.

यापूर्वी मी कागदावर कोणतेही मृत्युपत्र केलेले नाही. मनातल्या मनात पुष्कळ केली, सुनेशी वाजलं की दर वेळी एक. ती सगळी या कागदाने रद्द समजावीत.

सुरुवातीलाच सांगते, या कागदात माझी एक कबुली आहे. तिच्यामुळे मागची खोली नातीला जायची का नाही, हेच काही दिवस कळेनासं झालं होतं. ते सहाव्या कलमात येईल. मधली कलमं कोणी गाळू नयेत, मी मेहनतीने लिहिली आहेत.

कलम १. राहते घर, म्हणजे पुढच्या दोन खोल्या, स्वयंपाकघर आणि गच्ची, माझा मुलगा व सून यांना दोघांच्या नावे समान देण्यात यावे. मुलगा म्हणाला, "आई, तिचं नाव कशाला? मी आहे ना." म्हटलं, "म्हणूनच." सून आत भांडी घासत होती. भांड्यांचा आवाज एकदम थांबला आणि मग संबंध संध्याकाळ माझ्या चहात साखर नीट पडली.

कलम २. बँकेतली ठेव मुलीला. ती लांब राहते, वर्षातून एकदा येते आणि आल्या आल्या माझं कपाट आवरायला घेते. अर्धं सामान फेकते. पावत्या कपाटात नाहीत, पिठाच्या डब्यामागे आहेत, ते तिच्याच धाकाने.

कलम ३. यांची हत्यारं. माझे यजमान घड्याळं दुरुस्त करत. माणूस अबोल, पण घड्याळाशी बोलायचा. "का गं रुसलीस?" असं मी त्यांच्या तोंडून ऐकलं ते एका गजराच्या घड्याळाला. त्यांचं डोळ्याला लावायचं भिंग मुलाला द्यावं. बारीक चिमटे नातीला, तसेही ती ते आधीच पळवून बसली आहे.

कलम ४. जुने हिशेब, म्हणजे माणसांचे. यासाठी माझी नोकरी सांगावी लागेल. कंपनी घामावरची औषधं करायची. डबीतल्या शंभर भागांत खरं काम करणारे भाग थोडे. त्यांना तिथे 'क्रियाशील घटक' म्हणायचे. बाकी पाणी, मेण, सुवास आणि जाहिरात. नवा घटक तयार झाला की तो माणसांवर तपासायचा. त्यासाठी गरम खोली होती. बायका बाकावर बसायच्या, एका काखेत औषध लावलेलं, दुसरीत नुसतं पाणी, आणि कोणत्या काखेत काय ते कोणालाच सांगायचं नाही. मग कापसाच्या चपट्या घड्या काखेत धरायच्या. मी त्यांचं आधी आणि नंतर वजन करायची, घाम किती आला ते कळायला. मी लागले होते झाडूपोछ्याला. एकदा साहेबांच्या तीन बाटल्यांची झाकणं बदलली गेली, ती मी नुसत्या वासावर ओळखून दिली, म्हणून मला हुंगायला बसवलं. हसू नका, पगाराची नोकरी होती! एकेक काख हुंगायची, शून्य ते दहा गुण द्यायचे, शून्य म्हणजे वासच नाही, आणि दोघींच्या मध्ये स्वतःचं स्वच्छ मनगट हुंगून नाक कोरं करायचं. कच्चा कांदा बंद, अत्तर बंद. यजमान म्हणायचे, "लोक नाकाने कांदे सोलतात, माझी बायको नाकाने पगार आणते."

आता हिशेब. तपासणीच्या आधी सतरा दिवस बायकांनी काखेला साध्या साबणाशिवाय काही लावायचं नाही, असा नियम. आमच्या शेजारची शिवणताई, कपडे शिवते म्हणून शिवणताई, माझ्याच शब्दावर तिथे लागली. सोळाव्या दिवशी तिच्या भाचीचं लग्न. बाईने लपून रोल-ऑन लावला. गरम खोलीत ती हात वर करते तो काय, काखेत गुलाबाची बाग! मी तिला बाहेर नेलं आणि म्हटलं, "उद्यापासून येऊ नका." शेजारीण, मैत्रीण, आणि मी 'येऊ नका' म्हटलं. ती म्हणाली, "अगं, लग्नात भिजलेल्या बाह्या घेऊन फिरू का?" मी ऐकलं नाही. त्यानंतर अकरा वर्षं तिने माझी प्रत्येक बाही अर्धा इंच घट्ट शिवली. पैसे मात्र पूर्ण घेतले. तरी माझी पितळी वजनकाट्याची छोटी पेटी तिला देण्यात यावी, बटणं ठेवायला. नियम माझा बरोबर होता, जीभ जरा जास्त चालली.

दुसरा हिशेब त्या साहेबाचा, जो रोज डोक्याला उग्र तेल लावून माझ्या हुंगण्याच्या खोलीत डोकावायचा. त्याला काहीही देऊ नये. क्षमाही सावकाश द्यावी.

कलम ५. देह. माझी कातडी दान करायची आहे, भाजलेल्या माणसांना लावतात. डॉक्टर म्हणाले, सहा तासांच्या आत कळवावं लागतं. तेव्हा आधी फोन, मग रडणं. मुलाला हे कलम वाचून दाखवलं तर तो उठून नळ बंद करायला गेला. नळ बंदच होता.

कलम ६. मागची खोली. हिच्यावर मुलाचा डोळा होता. त्याला तिथे चारचाकी ठेवायची आहे, जी त्याने अजून घेतलेली नाही. खोलीत सध्या माझी नात काम करते. तिला आम्ही भिंगरी म्हणतो, कारण चालायला लागल्यापासून ती एका जागी ठरलेली नाही. रसायनात शिकली, माझ्याच जुन्या कंपनीत चार वर्षं राहिली आणि एक दिवस नोकरी सोडून घरी आली. म्हणे, "आजी, मला माझा स्वतःचा घटक करायचा आहे." गच्चीवरच्या टाकीच्या भिंतीला हिरवं शेवाळ धरतं, ते ती बरण्यांत वाढवते, दिव्याखाली, आणि त्याचा अर्क काढते. घामाला मुळात वास नसतो, काखेतले जंतू तो करतात. तिच्या अर्काने ते जंतू मंदावतात. सून म्हणते, "लोक टाकी साफ करतात, ही टाकी जपते."

पहिला नमुना डबक्यासारखा घाण वास मारायचा. चौथ्याने कपड्यांना हिरवे डाग पडले. सहावा बाटलीतच फुटला, वर पाणी खाली चिखल. वास तपासायला मी होतेच. आणि नववा! नऊ नंबर लावलेला घामट कापूस मी तीनदा हुंगला, तीनदा मनगट हुंगलं, आणि शून्य दिला. नोकरीच्या चौतीस वर्षांत मी शून्य कोणाला दिला नव्हता. पोरीने मला उचलून गोल फिरवलं.

मग कातडीला सोसतो का ते बघायचं होतं. घरच्या माणसावर बघू नये असा नियम, पण मी हट्टाला पेटले. म्हटलं, "माझ्या हातापेक्षा जुनी कातडी तुला कुठे मिळणार?" तिने माझ्या डाव्या हातावर पेनाने दोन चौकोन आखले, एकात नऊ नंबर, एकात पाणी, वर पट्ट्या. दोन दिवस काढायच्या नाहीत.

आता कबुली. पहिल्याच दुपारी नऊ नंबर मुंग्या चावल्यासारखा खाजायला लागला. मी न्हाणीघरात जाऊन पट्टी उचलली, खाली रुपयाएवढा लाल चट्टा. मी तो साबणाने धुतला, गार पाणी मारलं आणि पट्टी परत चिकटवली. दोन दिवसांनी पोरीने पट्टी काढली तेव्हा जरासा गुलाबी उरला होता. मी म्हटलं, "चिकटपट्टीने झालं असेल गं, म्हातारी कातडी." तिने वहीत त्रासापुढे शून्य लिहिला. एका कंपनीने तिला होकार दिला होता, पुढच्या महिन्यात पंचवीस बायकांवर नऊ नंबर लागणार होता. आणि मी मनात खूश होते, हे खरं लिहिते.

मग मी हा कागद लिहायला बसले. 'सदर खोली माझ्या नातीस, तिच्या प्रामाणिक कामाबद्दल' इथपर्यंत लिहिलं आणि हात पुढे जाईना. पेन झटकलं, शाई होती. शेवटी उठून मागच्या खोलीत गेले.

"भिंगरे."

"पाच मिनिटं आजी, गाळण चाललंय."

"नऊ नंबर खाजला होता."

तिने यंत्र बंद केलं. "कधी?"

"पहिल्याच दिवशी. मी धुतला आणि पट्टी परत लावली."

तिने आधी वही घेतली. केवढा होता, उठला होता का सपाट, फोड आला का, किती तासांनी. मी सगळी खरी उत्तरं दिली. मग ती स्टुलावर बसली.

"का केलंस गं?"

"तू मला गोल फिरवलं होतंस."

"आजी, पंचवीस जणींच्या काखेत गेलं असतं ते. कापडाने घासली जाणारी जागा ती. तुला माझ्यापेक्षा जास्त कळतं."

"कळतं. म्हणून तर आले."

तिने वहीतलं ते पान उघडलं. शून्यावर आडवी रेघ मारली, बाजूला खरं लिहिलं, तारीख घातली. मग माझ्याकडे न बघता म्हणाली, "उद्यापासून येऊ नका."

जन्मापासून मला 'अगं आजी' म्हणणारी पोर, तिने मला 'येऊ नका' म्हटलं. छातीत कळ आली आणि त्याच वेळी, काय सांगू, अभिमानाने ऊर भरून आला. दोन्ही एकाच जागी मावत नाही हो, तरी मावलं.

चार दिवस ती माझ्याशी कामापुरतं बोलली. कंपनीला फोन करून नऊ नंबर थांबवला. ओळखीपाळखीच्या सहा जणींच्या हातावर परत लावून बघितला, दोघींना लाल झालं. पाचव्या दिवशी माझ्या पायाशी येऊन बसली. मी कागद दाखवला. तिने सहावं कलम वाचलं आणि म्हणाली, "लाडाने देत असशील तर मला ही खोली नको. बाबांना दे."

"आणि तू?"

"मी भाड्याने बघेन कुठे. इथे घरच्या माणसांचा पाय सारखा आत. घरची माणसं मन राखतात, आजी. मला मन राखणारी नकोत. परक्या बायका यायला हव्यात, आणि त्या आईच्या स्वयंपाकघरातून कशा येतील?"

खोली जाते म्हणून नव्हे, पोर जाते म्हणून माझा जीव खाली-वर झाला. जेवताना सगळ्यांसमोर विषय काढला. मुलगा ताटातून मान वर न करता म्हणाला, "मागच्या भिंतीला रस्त्याकडून दार पाडलं तर?" मी म्हटलं, "तुझी गाडी?" तर म्हणतो, "गाडी आली की बघू. आधी येऊ तर दे." दुसऱ्या दिवशी गवंडी घेऊन स्वतः भिंत मोजत उभा होता. सून म्हणाली, "चौकट जरा रुंद ठेवा, येणाऱ्या बायका काही काडीपैलवान नसतील."

तेव्हा कलम ६ येणेप्रमाणे कायम करते : मागची खोली, तिच्या रस्त्याकडच्या नव्या दारासह, माझ्या नातीला द्यावी. लाडाने नव्हे. अट एकच, त्या खोलीत रक्ताच्या किंवा लग्नाच्या नात्यातल्या कोणावरही नमुना लावू नये. अट मोडल्यास खोली मुलाकडे जावी, गाडी असो वा नसो.

कलम ७. मी हयात आहे तोवर त्या दाराशी खुर्ची टाकून बसण्याचा हक्क माझा. तपासायला नाही, मला काढलेलं आहे. येणाऱ्या बाईला जाताना एवढंच विचारायचं, "खाजतंय का? खरं सांग."

काल दहावा नमुना लावलेली एक बाई आली, बसवर कंडक्टर आहे. पट्टी काढून झाली होती, निघताना चप्पल घालत होती. मी विचारलं.

ती आत बघून हळूच म्हणाली, "थोडंसं चुरचुरतंय हो आजी. पण पोरगी इतकी गोड आहे, इतक्या आशेने विचारते, मी आपलं 'काही नाही' म्हटलं."

मी तिचं मनगट धरलं आणि तिला परत आत नेलं. "भिंगरे, हिचं चुरचुरतंय. लिही."

पोरीचा चेहरा एवढासा झाला. मी समोर उभी राहून तो बघितला, आणि एक शब्द गोड बोलले नाही. तिने वही ओढली, लिहिलं, आणि त्या बाईला म्हणाली, "बरं झालं सांगितलंत. बसा, नीट दाखवा."

मी बाहेर येऊन खुर्चीवर बसले. आत दोघी बोलत होत्या.

येणेप्रमाणे हे मृत्युपत्र वाचून, समजून, चष्मा पुसून सही केली आहे.

ठिकाण : राहते घर, पुढची खोली
दिनांक : १९ नोव्हेंबर २०२४
लिहून ठेवणारी : (सही, एका दमात)

साक्षीदार : सदर बाईंनी हा कागद आमच्यासमोर मोठ्याने वाचला, दोन ठिकाणी स्वतःच हसल्या आणि सही केली. त्या पूर्ण शुद्धीत आहेत, थोड्या जास्तच. आम्हांला यातून काहीही मिळणार नाही.

१. गल्लीतले डॉक्टर (सही)
२. समोरच्या घरातले निवृत्त पोस्टमन (सही)