आत्याच्या पेट्या आणि माझं व्याख्यान

तीर्थरूप धाकट्या काकांस,

शिरसाष्टांग नमस्कार. पत्राच्या सुरुवातीला इकडे सर्व खुशाल असल्याचं लिहायचं असतं, म्हणून लिहिते. आत्या सोडून सगळे खुशाल आहेत. थोरल्या काकांच्या बोटाला लागलं आहे, पण ते कसं लागलं हे पुढे येईलच. काकूंची तब्येत कशी आहे? त्यांचा गुडघा अजून दुखतो का? तुमच्याकडे पाणी वेळेवर येतं का? हे सगळं मी मनापासून विचारते आहे. उत्तर मात्र पत्राने पाठवू नका. त्याचं कारण शेवटी.

आत्याला रुग्णालयातून घरी आणल्याचं बाबांनी फोनवर सांगितलंच असेल. घरी नेऊन काय करायचं असं थोरल्या काकांनी विचारलं, तेव्हा डॉक्टर म्हणाले, ‘त्यांना आवडतं ते करा.’ आत्याला काय आवडतं हे तुम्हाला मी सांगायला नको. तिने मधल्या खोलीत पलंग असा लावून घेतला की मान न वळवता समोरच्या फळ्यांवरच्या पेट्या दिसाव्यात. चाळीसेक असतील. जन्मभर शिवणकारखान्यात कोटांना काजं करायची आणि सुट्टीच्या दिवशी जुन्या बाजारात जाऊन कुणाच्या तरी पणजीची दागिन्यांची पेटी घेऊन यायची, असं तिचं आयुष्य गेलं. शिंपल्याच्या नक्षीच्या, पितळी कोपऱ्यांच्या, झाकणाच्या आत आरसा असलेल्या, एक तर हृदयाच्या आकाराची आणि इतकी कुरूप की ती फक्त दयेपोटी घेतली असं आत्याच सांगते. प्रत्येकीची किल्ली दोऱ्याने कडीला बांधलेली. पितळ कधी घासायचं नाही, मऊ फडक्याने नुसतं पुसायचं. (लहानपणी मी एकदा चिंचेने एक कोपरा चकचकीत केला होता. आत्या ओरडली नाही, पण त्या कोपऱ्याकडे ती आजारी मुलाकडे बघावं तसं बघत राहिली.) पेट्यांत दागिने मात्र कधीच नव्हते. आत्याच्या अंगावर तुम्ही कधी दागिना पाहिलात का? मीही नाही.

पण हे आपल्या दोघांचं झालं. थोरले काका आणि थोरल्या काकू ‘ताईची सेवा करायला’ म्हणून राहायला आले, आणि काकूंनी सेवेची सुरुवात पेट्यांवरची धूळ झटकण्यापासून केली. रोज संध्याकाळी त्या एकेक पेटी उचलून पुसायच्या आणि खाली ठेवण्याआधी हळूच कानाशी नेऊन हलवायच्या. आधी मला वाटलं त्यांनाही छंद लागला. मग एकदा बाबा दोन हातांत दोन पेट्या घेऊन उभे असलेले मला दिसले, भोपळा निवडताना माणूस उभा राहतो तसं. म्हणाले, ‘ही जरा जड लागते, नाही?’ शेवटी आईनेच मला स्वयंपाकघरात ओढून सांगितलं की आजीच्या बांगड्या, पाटल्या आणि गळ्यातलं आत्याकडेच असणार असं दोन्ही भावांचं फार पूर्वीपासूनचं मत आहे. तिघा भावांपैकी तुमचं मत काय आहे ते आईला माहीत नव्हतं. मी सांगितलं, धाकटे काका तसले नाहीत.

आता माझा स्वभाव तुम्हाला माहीत आहे. संशय हा अज्ञानातून येतो आणि माहिती उघड केली की तो जातो, असं मी परीक्षेत लिहिलं होतं आणि त्याला चांगले गुण मिळाले होते. म्हणून पुढच्या सुट्टीच्या दिवशी आत्याचा डोळा लागल्यावर मी सगळ्यांना बाहेरच्या खोलीत बसवलं, पेट्या आणून मांडल्या, आणि एकेकीची किल्ली लावून सर्वांदेखत उघडल्या. सगळ्या रिकाम्या. काकूंनी मखमलीवरून बोटं फिरवली, बाबांनी आरशात स्वतःला पाहून घेतलं, आणि मला वाटलं, संपलं. थोरले काका बराच वेळ पंख्याकडे बघत होते. मग म्हणाले, ‘एवढ्या पेट्या रिकाम्या ठेवायला ताई काय खुळी आहे?’ काकू म्हणाल्या, ‘तेच तर.’

इथे मी थांबायला हवं होतं. पण आत्याला खुळी म्हटलेलं मला सोसवेना. घरातली पहिली पदवीधर म्हणून मला नेहमी ‘तू शिकलेली, तू बोल’ म्हणतात, तर मी बोलले. जुने कारागीर, लाकडाची पारख, जोडकाम, सगळ्यावर बोलले. ऐकणाऱ्यांचे डोळे मिटायला लागले तशी मी उदाहरणावर आले. काळ्या लाकडाची ती बुटकी पेटी घेतली आणि तिची डावी बाजू अंगठ्याने दाबून मागे सरकवली. चोरकप्पा बाहेर आला. (ही युक्ती आत्याने फक्त मला दाखवली होती, आणि ‘कुणाला सांगू नकोस’ असं म्हणालीही नव्हती, कारण मी सांगेन असं तिला वाटलं नसावं.) कप्प्यात पातळ कागदाची पुडी होती, आणि पुडीत एक दात. लहान मुलाचा, दुधाचा. काकूंनी तो उजेडात धरून पाहिला आणि निराश होऊन खाली ठेवला. मी व्याख्यान पुरं करावं म्हणून म्हणाले, ‘अशी सोय त्या काळच्या बऱ्याच पेट्यांत असायची.’

माझ्या आयुष्यात माझं एकही वाक्य इतक्या लक्षपूर्वक कुणी ऐकलेलं नाही.

दुसऱ्या दिवशी मी कामावर गेले. आईला काकूंनी औषधाच्या दुकानात पाठवलं, मग दुसऱ्या दुकानात, मग पहिल्यात परत. पेट्या ‘नीट साफ करायला’ म्हणून मागच्या पडवीत नेल्या. संध्याकाळी मी पोचले तेव्हा काम जवळजवळ आटोपलं होतं. एका बाजूला तळ, एका बाजूला झाकणं, मखमलीच्या चिंध्यांचा ढीग, आणि शिंपल्याचे कपचे पायाखाली करकरत होते. मिळालं काय, तर काही टाचण्या, एक मणी, एक केसाचा आकडा आणि वाळलेली गांधीलमाशी. थोरल्या काकांनी पटाशीने बोट कापून घेतलं होतं आणि जुन्या लोखंडाने धनुर्वात होतो म्हणून ते सगळ्यांवर चिडले होते. बाबा म्हणाले, ‘दादा करतोय म्हटल्यावर मी हात बांधून बसू का? उद्या म्हणाल मधल्याला काही कळत नाही.’ काकूंचं म्हणणं, आजारी माणसाला त्रास होईल असं त्यांनी काहीच केलं नाही. हे खरं आहे. हातोडीला त्यांनी फडकं गुंडाळलं होतं. आत्या ज्याने पेट्या पुसायची तेच.

आत्याने जागी झाल्यावर विचारलं, ‘फळ्या रिकाम्या का?’ मी म्हटलं, मेण लावलंय, वाळतंय. ती म्हणाली, ‘ऊन लागू देऊ नकोस.’

मग आई आणि मी कामाला लागलो. (आई व्याख्यानाच्या आधीच उठून भांडी घासायला गेली होती. म्हणून तिला लगेच सुचलं.) पेट्यांचे पुढचे भाग बहुतेक शाबूत होते, कारण पुढच्या बाजूला कुणी काही लपवत नाही. ते धुऊन, पुसून आत्याच्या औषधांच्या रिकाम्या खोक्यांना चिकटवले. कड्या बसवल्या, किल्ल्या बांधल्या, आणि रांगेने फळ्यांवर मांडले. पलंगावरून पाहिलं तर सगळं होतं तसंच. थोरल्या काकांनीही दाराशी उभं राहून पाहिलं आणि म्हणाले, ‘बघ, कुठे काय बिघडलं?’

आत्याने त्या फळ्या नंतर पुष्कळ वेळा पाहिल्या. परवा म्हणाली, ‘ती हृदयाची दे इकडे.’ मी पुष्कळ सबबी सांगितल्या. तिने हात पुढे केलेलाच ठेवला. दिली. तिने ती छातीवर ठेवली, म्हणाली, ‘हलकी झाली,’ मग पाठीमागे बोटं नेली, उलटी केली आणि खोक्यावरची अक्षरं डोळ्यांजवळ धरून वाचली. ‘ही गोळी सकाळची की रात्रीची?’

मी रडायला लागले. ती म्हणाली, ‘काही मिळालं का पोरांना?’ मी म्हटलं, एक दात. तिने डोळे मिटले. ‘आईचं सोनं तिघांच्या शाळेतच संपलं. मी त्यांना सांगितलं असतं, कुणी विचारलंच नाही.’ (माझी पदवी कशातून झाली हे आता मलाही विचारायचं धाडस होत नाही.) तिचे डोळे मिटलेलेच होते. मला वाटलं झोप लागली. तर म्हणाली, ‘थोरल्याच्या बोटाला औषध लावलं का नीट?’ आणि ती पेटी परत फळीवर ठेवायला लावली, दोनदा सरळ करून घेतली.

असो. काकूंना नमस्कार. उन्हातून फिरू नका.

तुमची पुतणी

ता. क. तो दात तुमचा आहे. आत्या म्हणाली, धाकट्याचा पहिला पडलेला, परत जागेवर ठेव. जागेला आता तळ नाही. सध्या काड्यापेटीत ठेवला आहे, घरात तळ असलेली तेवढीच पेटी उरली आहे.

ता. क. २. पत्र लिहिण्याचं खरं कारण: तुमच्या लग्नात आत्याने काकूंना आरशाची, झाकण उघडलं की सूर वाजणारी पेटी दिली होती. दुसऱ्या फळीच्या टोकाला तिची जागा आत्याने अजून रिकामी ठेवली आहे. ती मागत नाही, पण आता फळ्यांकडे पाहते तेव्हा तिथेच पाहते. पेटी घेऊन तुम्ही या. रजेची वाट बघू नका, डॉक्टर आता काय ते फक्त आईशी बोलतात.

ता. क. ३. तुम्हीही ती कधी उघडून, उचकटून पाहिली असेल तर त्या लाजेने यायचं टाळू नका. निदान पुढचा भाग आणा. मागे लावायला खोकी इथे पुष्कळ आहेत, रोज एखादं रिकामं होतं.