जज्जसाहेबांचे तीन वायदे

१४ जुलै २००३, बेला.
आदिलाबादच्या कोर्टात आज माझी साक्ष होती. शेजारच्या भगवंतरावांनी काटेरी तार लावून आमच्या भाजीच्या वाडीची वाट बंद केली, त्याचा दावा. माझं बारा पानी स्पीच तयार आहे, फक्त पाठ व्हायचंय. म्हणून तारीख मागितली. जज्जसाहेब तेलुगूत काहीतरी बोलून शेवटी "वायदा" म्हणाले. म्हणजे शब्दच दिला. मला तेलुगू नव्वद टक्के समजतं. केस आपलीच.

तोवर माझी बायको प्रयागबाई डोक्यावर पाटी घेऊन नाल्याकडून वळसा घालते. पाऊण तास जास्त. तिला सांगून ठेवलंय, वाट मोकळी झाली की पहिली पाटी मी नेणार.

१५ जुलै.
वकील म्हणतात, नव्या नियमाने एका पार्टीला तीनदाच तारीख वाढवून मिळते. उत्तम. दोन शिल्लक. हक्काचा कोटा सोडायचा कशाला?

साक्षीदारांच्या यादीत त्यांनी हिचंही नाव घातलंय. असू दे. जागा भरते.

१८ ऑगस्ट.
स्पीच पाठ. पण काल इचोड्याच्या धाब्यावर मिरचीची भजी खाल्ली, आवाज बसला. तारीख मागितली. साहेबांनी पुन्हा वायदा दिला, जरा चिडून. माणूस कडक, पण मनाचा मोठा.

घरी हिने विचारलं, आज काऊन नाही बोल्ले तुमी? म्हटलं, तुला कोर्टातलं कळत नाही. बाजारात भाजी विकण्यापुरतं तेलुगू येतं तिला.

२२ सप्टेंबर.
भगवंतराव कोट घालून आलेले. मी नुसत्या शर्टावर. पर्सनॅलिटी पडली असती. वकिलांनी ताप आल्याचं सांगितलं. तिसरा वायदा. कोट शिवायला टाकला.

२३ सप्टेंबर.
ही नाल्यात घसरली. वांगी वाहून गेली, गुडघा सुजलाय. फार वाईट वाटलं. स्पीचमध्ये एक परिच्छेद वाढवला.

३ नोव्हेंबर.
कोट घातला. स्पीच जुन्या शर्टाच्या खिशात राहिलं, आणि नवा परिच्छेद पाठ नव्हता. शिपायाने "मोतीराम" म्हणून पुकारलं. मी एकच तारीख मागितली. साहेब म्हणाले, "वायदा लेदु." लेदु म्हणजे नाही, एवढं येतंच. हात जोडून म्हटलं, साहेब, तीनदा वायदा देऊन आता फिरता? अख्खं कोर्ट हसलं. कारकून कानाशी येऊन म्हणाला, काका, तेलुगूत वायदा म्हंजे पुढची तारीख.

मग साहेबांनी त्याच्याकरवी विचारलं, त्या वाटेने दिवसातून किती वेळा जाता? आठवेना. खरं म्हणजे मी जातच नाही.

वकिलांनी हिला बोलावलं. लंगडत पिंजऱ्यात चढली. तेलुगूत चार वाक्यं बोलली. वीस वर्षं, दिवसातून दोनदा, डोक्यावर पाटी. आता नाल्यातून. निकाल लागेपर्यंत तार काढायचा हुकूम झाला.

बसमध्ये तिला काहीतरी चांगलं बोलायचं होतं. बारा पानांत तसं काही सापडलं नाही.

८ नोव्हेंबर.
वाट मोकळी. पहिली पाटी माझी. पण कोटामुळे मान आखडलीय. सोमवार सांगितला.

१० नोव्हेंबर.
सर्दी. बुधवार.

१२ नोव्हेंबर.
दाढी व्हायची होती. शुक्रवार नक्की.

१४ नोव्हेंबर, सकाळी सहा.
चप्पल तुटली. सोमवार मागितला. ही म्हणाली, "वायदा लेदु." आणि पाटी माझ्या डोक्यावर ठेवली.

सकाळी नऊ.
वांगी फार जड असतात. दिवसातून दोनदा म्हणाली होती ती. संध्याकाळची पाटी मीच भरून ओट्यावर ठेवलीय.